मंगळावरचं चूलबंद आवतण

शाहूपुरी, कोल्हापूर
गुढी उतरवून चार दिवस झाले

प्रिय मोना,

तुला पोटभर प्रेम, आणि घरातल्या लहानमोठ्यांना ज्याचं त्याला जे लागू पडेल ते.

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. तिळाच्या तेलानं उतार पडत नसेल तर चोळणं सोडून दे, निदान ते तेल स्वयंपाकाला तरी येईल. पुण्यात ऊन तापायला लागलं असेल, दुपारी बाल्कनीत बसू नकोस. नातवाचे पुढचे दात आले का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. परसातल्या आंब्याला कैऱ्या धरल्या आहेत, गल्लीतलं गटाराचं काम अजून चालूच आहे, आणि अमरसिंह गेल्या महिन्यात मंगळावर वारले. तू वाईट वाटून घेऊ नकोस. ते आत्ता बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत बसले आहेत.

विश्वजितनं तुला सांगितलं असेलच, पण तुझा मुलगा लहानपणापासून कुठलीही गोष्ट शेवटाकडून सांगतो आणि सुरुवात सांगायची राहून जाते. म्हणून मी सगळं पहिल्यापासून लिहिते आहे. फोन मुद्दाम केला नाही. (फोनवर तू आधी गुडघ्यांचं सांगतेस, मग मी माझ्या पाठीचं सांगते, आणि खरं बोलणं सुरू होतं न होतं तोवर तुझी सून 'आई, पानं वाढलीत' म्हणते.) शिवाय शाळेत सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, तोंडानं सांगायला जड जाईल ते स्वच्छ अक्षरात लिहावं. माझं अक्षर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, सांभाळून घे.

मंगळाचं हे खूळ यांच्या डोक्यात कसं शिरलं ते तुला ठाऊक नाही, आणि त्यात थोडा हात तुझ्या राजारामपुरीच्या घराचाही आहे. एकोणीसच्या महापुरात आमच्या जिन्यापर्यंत पाणी आलं तेव्हा आम्ही तुझ्याकडे राहायला आलो होतो. शिलाई मशीन, लोणच्याची बरणी, सासूबाईंचा फोटो आणि यांच्या पाटबंधारे खात्यातल्या जुन्या फायली, एवढं घेऊन. रोज सकाळी अमरसिंह तुझ्या गच्चीवर जाऊन पाण्याकडे बघत उभे राहायचे. आयुष्यभर धरणं आणि कालवे करण्यात गेलेला माणूस, कोरड्या गावांना पाणी नेऊन पोचवलेला, आणि पाणी त्याच्याच घरात येऊन बसलेलं. एकवीस साली पुन्हा पाणी आलं, पुन्हा आम्ही तुझ्याकडे आलो, आणि तुझ्या गच्चीवर चहा पिताना ते म्हणाले, "संयोगिता, आपलं बरं आहे. आपल्याला उंचावर ओळखीचं एक घर आहे. पण सगळी पृथ्वी म्हणजे एक गल्ली धरली, आणि सगळ्या गल्लीतच पाणी शिरलं, तर माणसानं कपाटं न्यायची कुठं?"

मला वाटलं, झोप झाली नसेल म्हणून बोलतायत. पण ते तेव्हापासून हिशेब मांडूनच होते. मंगळ म्हणजे त्यांच्या लेखी सगळ्या मनुष्यजातीची राजारामपुरी. वेळ येईल तेव्हा धावत जाऊन उपयोग नाही, आधीपासून तिथं आपलं कुणीतरी राहतं असलं पाहिजे, वरची खोली झाडून ठेवायला. पुढं तू ते घर विकून पुण्याला गेलीस (तुझा इलाज नव्हता, गुडघ्यांना तो जिना झेपत नव्हता) आणि उंचावरचं आमचं एकुलतं एक घर गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत विश्वजित आमच्याकडे जेवायला आला आणि म्हणाला, "मावशी, आजऱ्याच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, आम्ही मंगळासारखं घर बांधतोय." त्यात माणसं कोंडायची, आणि खऱ्या मंगळावर वस्ती करायची झाली तर काय काय अडेल ते आधीच बघून ठेवायचं. त्यासाठी एक वयस्कर माणूसही हवा होता, कारण वस्ती म्हटली की त्यात म्हातारी माणसं येणारच. जो माणूस मला महाबळेश्वरला न्यायचं म्हटलं की 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत आला, तो हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाला, "मी येतो."

मला तेव्हा आपण दोघी आठवलो. चंद्रावर माणूस उतरला त्या दिवशी सिस्टर ॲग्नेसनी सगळ्या शाळेला हॉलमध्ये बसवून त्या माणसांसाठी प्रार्थना करायला लावली होती, आणि तू मिटल्या डोळ्यांनी माझ्या कानात विचारलं होतंस की तिथं त्यांना डबा कोण देणार. नंतर शिवणाच्या तासाला मी उशीच्या अभ्र्यावर ग्रहमाला भरायला घेतली. तू म्हणालीस, मोठेपणी आपण दोघी जाऊ, खिडकीची जागा माझी, मला गाडी लागते. तो अभ्रा अजून माझ्याकडे आहे. लाल दोरा संपल्यामुळे मंगळ मी गुलाबी भरला होता आणि त्याबद्दल दोन मार्क कापले गेले होते. तोच अभ्रा मी यांच्या सामानात घातला. म्हटलं, आपल्यापैकी कुणीच गेलं नाही, निदान अभ्रा तरी जाऊ दे.

तू ती जागा अजून पाहिलेली नाहीस. वर नुसता जांभ्याचा तांबडा सडा, झाड नाही, झुडूप नाही, आणि वारा असा की पदर वेगळा सांभाळावा लागतो. त्याच्या मधोमध पांढरा घुमट, उपडं घातलेलं पातेलं असावं तसा. आत तिघं. डॉक्टर दीप्ती, ही गडहिंग्लजची, बोलायला गोड आणि सुई टोचायला निर्दय. प्रसेनजीत, शेतकी कॉलेजातून निघालेला, तो जांभळ्या दिव्याखाली मेथी वाढवणार. आणि आमचे अमरसिंह पाण्याच्या खात्यावर. महिनाभर दार उघडायचं नाही. बाहेर पाऊल टाकायचंच झालं तर अंतराळवीराचा पोशाख आणि हेल्मेट चढवून. (पाण्याचं खातं म्हणजे वापरलेलं सगळं पाणी, मोना, सगळं, गाळून पुन्हा प्यायचं. त्यांनी मला कृती उत्साहानं समजावून सांगितली. चहा कशाचा करणार, हे मी विचारलं नाही.)

विश्वजितनं मला मंगळावरच्या अडचणीही सांगितल्या. जायलाच सात-आठ महिने लागतात. हवा विरळ आणि विषारी. थंडी हाडं फोडणारी, उन्हातून असले किरण येतात की माणसानं जमिनीखालीच राहावं, आणि धूळ पिठासारखी, कुठल्याही फटीतून आत येते. पण सगळ्यात अवघड काय, तर त्याच त्याच माणसांबरोबर एका छपराखाली न भांडता राहणं. त्याच्यावर परदेशात म्हणे मोठमोठे अभ्यास चालू आहेत. मी म्हटलं, बाळा, आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही तीन जावा एका चुलीवर होतो, तेव्हा कुणी अभ्यासाला आलं नाही. तर त्यानं सगळ्या अडचणी धरल्या होत्या, एक सोडून. ती अडचण म्हणजे झुंबरबाई.

सड्याच्या पायथ्याशी झुंबरबाईंची काजू फोडायची शेड आहे. ती विश्वजितनं भाड्यानं घेतली, तिथं पडदे आणि यंत्रं मांडली आणि तिला 'पृथ्वी' असं नाव दिलं. म्हणजे झुंबरबाई पृथ्वीच्या मालकीण झाल्या, आणि तसं त्यांच्या चालण्यात दिसायलाही लागलं. घरच्या माणसांना पृथ्वीवर येऊन राहायची परवानगी होती. मी दुसऱ्याच आठवड्यात गेले, कारण घरी मला जेवण उतरेना. (लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला अमरसिंह म्हणाले होते, "मीठ कमी आहे." त्यानंतरच्या जवळजवळ चाळीस वर्षांत एकही जेवण त्या वाक्याशिवाय पार पडलेलं नाही. मी मीठ वाढवून पाहिलं, सैंधव आणून पाहिलं, एकदा रागानं मूठभर ओतून पाहिलं. वाक्य तेच. आता ते ऐकल्याशिवाय मला घास गोड लागत नाही.)

शेडमध्ये गेल्यावर कळलं की वर संदेश पोचायला वीस मिनिटं लागतात, उत्तर यायला वीस. खऱ्या मंगळाला तेवढी लागतात म्हणून तशी सोय केलेली. घुमट डोळ्यांसमोर दिसतो, जोरात हाक मारली तर ऐकू जाईल, पण 'जेवलात का' एवढं विचारायचं आणि पाऊण तास काजूच्या टरफलांकडे बघत बसायचं. पहिल्या दिवशी मला अगदी रडू यायचं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र गंमत झाली. घरी मी काही विचारलं की हे 'हं' म्हणतात. तिथं एवढ्या लांबून नुसतं 'हं' पाठवणं त्यांनाच बरं वाटेना, म्हणून ते पानपानभर लिहायला लागले. प्रसेनजीतच्या मेथीला पानं फुटली ते. घुमटाच्या खिडकीतून पहाटे सडा कसा दिसतो ते. दीप्ती झोपेत वडिलांना हाक मारते ते. आणि एकदा असंच लिहिलं, 'काळम्मावाडीच्या कामावर मी होतो तेव्हा तू एसटीनं डबा घेऊन आली होतीस आणि तुझी एक चप्पल चिखलात राहिली होती. मी ती नंतर शोधली होती. सापडली नाही.' मोना, मला वाटत होतं की त्यांनी तेव्हा माझ्या पायांकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

झुंबरबाईंचं दुखणं वेगळं होतं. रोज सकाळी गोठा झाडून झाला की त्या कमरेवर हात ठेवून वर बघत उभ्या राहायच्या. "वैनी, त्या घरावर धूर दिसंना. लई दिस झालं की, चूल पेटलेली न्हाय." मी सांगितलं, ती माणसं पाकिटातलं कोरडं खातात, पाणी घालून. त्या म्हणाल्या, "म्हातारं माणूस हाय की त्यात. आन् ती डाक्तरीण पोर, तिचं लगीन व्हायचंय अजून." (लग्नाचा आणि पाकिटाचा संबंध मी विचारला नाही.)

त्यातच गावची जत्रा आली. जत्रेच्या दिवशी शिवेत असलेलं परकं माणूस उपाशी ठेवायचं नाही अशी तिथली रीत, मग तो एसटीचा कंडक्टर असो नाहीतर मोबाइलच्या टॉवरवर चढलेला मेकॅनिक. झुंबरबाईंनी मंगळाला आवतण दिलं, आणि तेही चूलबंद. पुण्यात राहून विसरली असशील तर सांगते. साधं आवतण म्हणजे घरातल्या एकानं जाऊन जेवून यायचं. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, झाडून सगळ्यांनी जायचं. विश्वजित हसून म्हणाला, "मावशी, तिथं चूलच नाही, तर बंद काय ठेवणार?" झुंबरबाई म्हणाल्या, "मग सोपंच हाय की." तो म्हणाला, ती माणसं खाली येऊ शकत नाहीत. त्या म्हणाल्या, "न्हाय तर न्हाय. आमी वर येताव." त्याला ती थट्टा वाटली, आणि ऐन जत्रेच्या दिवशी तो बॅटरी आणायला बेळगावला निघून गेला. जाताना मला सांगून गेला, "मावशी, पडद्यावर लक्ष ठेव, काही होणार नाही." (तू त्याची आई आहेस म्हणून लिहिते, रागावू नकोस. शिकलेल्या माणसांना वाटतं की बायका बोलतात ते बोलण्यापुरतं असतं.)

जत्रेचा स्वयंपाक पहाटेच सुरू झाला. तांबडा रस्सा झुंबरबाईंच्या जावेकडे, भाकऱ्या सुनांकडे, आणि पांढरा रस्सा 'कोल्लापूरच्या वैनी'कडे, म्हणजे माझ्याकडे. अळणी उकडून काढलेलं मटणाचं पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस आणि शेडमधलेच ओले काजू. सांगते तुला, हात अगदी सासूबाईंचा लागला होता. तो उतरवला आणि मी पडद्यासमोर येऊन बसले. थोड्या वेळानं सगळी मिरवणूक सड्यावर चढली, पुढं हलगी, मागं डोक्यावर पातेली घेतलेल्या बायका, त्यांच्यामागं पत्रावळ्या आणि म्हातारे.

त्यापुढचं मी सगळं पडद्यावर बघितलं, पण वीस मिनिटं उशिरा आणि आवाजाशिवाय. म्हणजे मला जे घडताना दिसत होतं ते घडून गेलेलं होतं. दीप्तीचा संदेश आला, 'बाहेर हलगी वाजते आहे. ही परीक्षा आहे का?' मी लिहिलं, 'जत्रा आहे. घाबरू नका.' तो संदेश निघाला, आणि तो वाटेत असतानाच झुंबरबाईंनी डावानं दार बडवायला सुरुवात केलेली मला दिसली. आतून उत्तर नाही, कारण उत्तर द्यायचं नाही असा नियम. झुंबरबाईंनी मागं वळून हात हलवले. त्या काय म्हणाल्या ते मला नंतर कळलं. "निपचित पडल्यात समदी आत. पहार आणा." एक माणूस खाली धावत सुटला, तोच पाच मिनिटांपूर्वी माझ्या दारातून पहार घेऊन वर गेलेला होता आणि मी त्याला विचारलंसुद्धा होतं की कशाला रे.

पहार बघितल्यावर अमरसिंहांनी जे केलं ते तू नीट वाच, कारण तुझा मुलगा तेवढंच गाळतो. दार फुटलं असतं तर तिघांचाही मंगळ त्याच क्षणी संपला असता. दीप्तीचा आणि प्रसेनजीतचा सगळा अभ्यास त्या दारावर होता. म्हणून ते नियमाप्रमाणे पोशाख चढवून, हेल्मेट लावून, आधी आतलं दार बंद करून मग बाहेरच्या दारानं बाहेर आले, आणि हात जोडून उभे राहिले. हलगी थांबली. त्यांनी खुणांनी सांगितलं, सगळे बरे आहेत, पण खाता येत नाही. झुंबरबाईंनी हेल्मेटवर बोटानं टकटक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "खाऊ नगा पावणं. नुसतं पानावर बसा. आवतणाचं माणूस पान सोडून गेलं तर देवाला वंगाळ दिसतंय."

आता पानावर बसायला कुठलाच नियम आड येत नव्हता. ते तांबड्या सड्यावर, पंगतीत, पांढऱ्या पोशाखात, काचेच्या गोळ्यात डोकं घालून मांडी घालून बसले. त्या पोशाखात मांडी घालणं सोपं नाही, दोघांनी धरून बसवलं. झुंबरबाईंनी सगळं वाढलं. आणि इथं विश्वजितची चूक झाली. त्या हेल्मेटला मागं एक लहान पंखा आहे, तो बाहेरची हवा कापडातून गाळून आत सोडतो. कापडानं धूळ अडते. रश्श्याचा वास अडत नाही.

मला पडद्यावर एवढं दिसलं की पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं आली, हे जरासे वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी हेल्मेट उतरवून मांडीशेजारी ठेवलं. वाटी उचलली, एक घोट घेतला, आणि काहीतरी बोलले. मी पडद्यावर हात मारून 'अहो, घाला ते, घाला' म्हणत होते. पण ते वीस मिनिटांपूर्वीच गेलेले होते.

दीप्तीनं खिडकीतून पाहिलं आणि बिचारीनं नियमाप्रमाणे नोंद केली: हेल्मेट काढल्यामुळे मंगळाच्या हवेशी थेट संबंध, तत्काळ मृत्यू. (रश्श्याचा उल्लेख तिनं टाळला, गुणी मुलगी.) मेलेल्या माणसाला परत आत घेता येत नाही, तेव्हा ती काचेतून हात हलवून त्यांना खाली जायला सांगत होती. झुंबरबाईंना कुणीतरी समजावलं की हे आता वारले. त्या म्हणाल्या, "व्हय? दुसऱ्यांदी वाटी फुडं करतंय की मढं." मग हेल्मेट काखेत धरलेले अमरसिंह हलगीच्या मागोमाग सड्यावरून उतरले. इतका प्रसन्न चेहरा मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा पाहिला नव्हता.

तेवढ्यात विश्वजित बॅटरी घेऊन पोचला. तो म्हणाला, "काका, तुम्ही मेलात." हे म्हणाले, "नव्या गावात पहिल्यांदा आवतण आलं आणि आपण दार उघडलं नाही, तर पुढं त्या गावात पाणी मागायला कुठल्या तोंडानं जायचं?" विश्वजित म्हणाला, "काका, मंगळावर गाव नाही." हे म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, अजून राहण्यासारखा झालेला नाही." तुझ्या मुलाला हसू येत होतं, पण त्याच्या हातात बॅटरी होती आणि ती जड होती.

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढं तसं राहिलं नाही. संस्थेकडून मला रीतसर संदेश आला, 'कळवण्यास खेद होतो की आपले कुटुंबीय मंगळावर मृत झाले आहेत. ते उद्या सकाळच्या गाडीनं घरी पोचतील.' मला तो इतका आवडला की मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. यांची थोरली बहीण, पेठ वडगावच्या धोंडुबाई वन्सं, त्यांना चष्म्याशिवाय पहिल्याच वाक्यापर्यंत वाचता येतं. आम्ही घरी पोचतो तोवर त्या चार बायकांना घेऊन दारात हजर. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी बांधून आणलेली. दार उघडलं यांनीच. वन्सं रडायच्या थांबल्या. "मेला न्हाईस व्हय रं?" "नाही, आक्का." "मग फोन कराय काय झालतं? इतक्या भाकऱ्या थापल्या की मी." आणि त्यांनी त्याच पिठल्यावर सगळ्यांना जेवायला बसवलं. दुःखाच्या भरात वन्सं पिठल्यात मीठच घालायला विसरल्या होत्या. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत होतो, आणि अमरसिंह खाली मान घालून मुकाट्यानं जेवत होते.

तेव्हापासून असंच चाललं आहे. ते जेवतात, पेपर वाचतात, आंब्याला पाणी घालतात. पण मी पुढ्यात काहीही वाढलं तरी ते वाक्य नाही. काल मी मुद्दाम आमटी अळणी केली. दोनदा घेतली त्यांनी. कारण मला माहीत आहे. दिवाळीनंतर दुसरी तुकडी वर जाणार आहे, तिच्यासाठी पाणी जमिनीखालून कसं काढायचं याचे नकाशे त्यांनी घुमटातच करून ठेवले होते, आणि विश्वजितनं कळवलं की एकदा मेलेलं माणूस पुढच्या तुकडीत घेता येत नाही, नोंदी बिघडतात. त्या दिवशी त्यांनी नकाशे गुंडाळून कपाटावर टाकले. महापुरानंही या माणसाला असं बसवलं नव्हतं, मोना.

म्हणून तुला विनंती आहे, आणि ती मी फार विचार करून करते आहे. विश्वजितला सांग की माझ्या नवऱ्याला कागदोपत्री जिवंत कर. तो ऐकणार नाही, म्हणेल, आई, हा विज्ञानाचा प्रश्न आहे. तेव्हा त्याला माझ्याकडून एवढं विचार. बाकीचे दोघं महिनाभर मंगळावर राहिले, चांगलेच राहिले, पण ते राहिले पाहुण्यासारखे. आपण एखाद्या गावात जातो, खोली घेतो, नळ जोडून घेतो, दाराला नाव लावतो, तरी आपण तिथले झालेलो नसतो. शेजारून कुणीतरी येऊन 'आज चूल पेटवू नका' म्हणतं, आणि आपण जाऊन पानावर बसतो, त्या दिवशी तिथं आपली वस्ती होते. मी लग्न होऊन शाहूपुरीत आले तेव्हा हेच झालं, तू पुण्याला गेलीस तेव्हाही हेच झालं असेल. मग त्या सड्यावर वस्ती करायला गेलेल्या तिघांपैकी ती खरोखर केली कुणी? त्याची नोंद 'मृत' अशी कशी काय होते?

आता लांबवत नाही. तुझ्या सुनेला माझी आठवण सांग आणि नातवाच्या दातांवरून माझ्यातर्फे बोट फिरव.

तुझी, अजून तरी पृथ्वीवरचीच,
संयोगिता

ता. क. सोबत या वर्षीच्या कांदा-लसूण चटणीचा डबा पाठवते आहे. तो विश्वजितसाठी आहे. त्यानं लाच समजू नये, आणि समजली तरी डबा परत पाठवू नये.

ता. क. दुसरा. तुझ्यापासून मी कधी काही लपवलेलं नाही, तेव्हा हेही लिहिते. त्यांना वर पाठवायची मला एवढी घाई आहे ती काही सगळी त्यांच्यासाठी नाही. खाली आल्यापासून ते पुन्हा 'हं' म्हणायला लागलेत. दिवाळीनंतर मी शेडमध्ये झुंबरबाईंच्या शेजारी बसायला तयार आहे. विश्वजितला सांग, बाकीच्या सोयी हव्या तितक्या सुधार, पण त्या वीस मिनिटांना हात लावू नकोस. आणखी एक. महिना संपवून दीप्ती बाहेर आली, काल तिचा फोन आला होता. पडद्याला आवाज नव्हता, पण हेल्मेटमधलं बोलणं तिला आत ऐकू येत होतं. ती म्हणाली, काका वाकले तेव्हा स्वतःशीच म्हणाले, "हा आमच्या घरचा आहे." हे त्यांनी विश्वजितला सांगितलेलं नाही, मलाही नाही. मग हेल्मेट काढून, घोट घेऊन ते जे बोलले (हेल्मेट मांडीशेजारीच होतं, म्हणून तेही तिला ऐकू आलं), म्हणजे नोंदीप्रमाणे मंगळावरचे त्यांचे शेवटचे शब्द, ते असे: "मीठ बरोबर आहे." मोना, हे ऐकल्यावर मलासुद्धा क्षणभर वाटलं की ते खरंच गेले असावेत. त्या प्रसंगाचं आवाजासकटचं चित्रण विश्वजितकडे आहे. त्यातला तेवढा तुकडा मला पाठवायला सांग. त्यांना जिवंत करायला वेळ लागणार असेल तर लागू दे, हे आधी पाठव.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकीट शोधायला मी आत गेले तेव्हा पत्र टेबलावर उघडंच राहिलं होतं. परत आले तर त्यावर यांचा चष्मा ठेवलेला, आणि मी जिथं 'पाऊण तास' लिहिलं आहे तिथं समासात पेन्सिलीनं 'चाळीस मिनिटं' अशी दुरुस्ती केलेली, खाली बारीक सही. कपाटावरचे नकाशे जागेवर नाहीत. मी पानं वाढली. आज आमटी मी अगदी मोजूनमापून केली होती. त्यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." तेव्हा विश्वजितला आजच सांग, माणूस जिवंत आहे. डॉक्टरांचा दाखला लागत नाही.